नाळे बा

बेळगावच्या स्टँडावर बसलेय,
नंदगडची शेवटची गाडी लागायला अजून पाऊण तास.
मांडीवर लॅपटॉप. लॅपटॉपात सहा बचत गट,
एकशे चार बायकांचे खातेनंबर,
आणि निंगव्वाच्या सुनेनं
नवऱ्याच्या नकळत साठवलेले अकरा हजार.

कोपऱ्यातल्या इवल्या पंख्यावर टिचकी मारली.
यादी आली: लॉजचं, कुंद्याच्या दुकानाचं,
एक कन्नडात, अडखळत का होईना वाचता येतं मला,
एक नुसतंच फ्री,
कठडा नसलेल्या विहिरीसारखं.
त्याच्या वाटेला मी जात नाही, एवढं शिकलेय.
खरं त्याच्या खाली
गोठ्यामागचं.

आमच्या घरचं नाव.
घर इथून दीड तास लांब.
गोठ्यात म्हैस, म्हशीमागं भिंत,
भिंतीवर खोकं, खोक्याला दोन शिंगं.
ते इथं कसं?
तेही चारही कांड्या भरून, आणि कुलूप नाही.
घरी त्याला कुलूप असतंय.

भाच्याला फोन लावला.
‘मावशी, बंद कर ते आधी,’ प्रज्योत म्हणाला.
मग थोडा गप्प. मग म्हणाला,
‘चूक माझीच. खोकं बसवताना मी नाव लपवून ठेवलेलं,
कुणाला दिसू नये म्हणून.
खरं घर आपलं नाव सांगत नसलं
की लॅपटॉपलाच विचारावं लागतंय.
जाईल तिथं विचारत सुटतोय,
गोठ्यामागचं, हाईस काय?
गोठ्यामागचं, हाईस काय?
कुणीतरी ऐकलं असणार.
हाय की, म्हणालं असणार.’

म्हणजे मी घरी झाकलं
आणि हे वेडं पोर
खानापूरच्या फलाटावर, तहसीलच्या रांगेत
आईचं नाव घेत हिंडत होतं.

निंगव्वाच्या दारावर, मी चौथीत असताना,
खडूनं कन्नडात लिहिलेलं असायचं: नाळे बा.
उद्या ये.
रात्री कुणीतरी ओळखीच्या आवाजात हाक मारतं,
ओ दिलीस की संपलीस.
दारावरचं वाचून ते माघारी जातं,
उद्या येतं, परत तेच वाचतं.
मी हसलेले, भुताला कन्नड येतंय होय?
निंगव्वा म्हणाली, मराठी भूत आलं
तर तुझ्या दारावर तू लिही की.

गाडीत बसले. लॅपटॉप मिटलेला, पोटाशी.
देसूरपर्यंत कुणाशी बोलले नाही.

रात्री जेवायच्या आधी बसले यादी पुसायला.
तेवीस नावं लक्षात ठेवली होती त्यानं,
मी कधीच विसरलेली.
हुबळीचा लग्नाचा हॉल. विसरू? विसर.
चिकोडीचं झेरॉक्सवालं. विसर.
दवाखाना, चौथा मजला.
तिथं एकोणीस रात्री त्याच्यावरच
आईचे रिपोर्ट उघडले होते.
विसरू?
म्हैस दोनदा हंबरली.
विसर.

आपोआप कुणाच्या मागं जायचं नाही, हे बजावलं.
काम नसेल तेव्हा पंखा बंद,
दिवेलागणीला कडी घालतो तसा.
नवा पासवर्ड म्हणजे एक आख्खं वाक्य,
आईच्या तोंडचं, थोडं शिवराळ,
कुणाला सुचायचं नाही.
नाव मात्र आता लपवलं नाही.
गल्लीत कुणीही यादी उघडली
तर सगळ्यात वर दिसतंय: नाळे बा.
निंगव्वा असती तर म्हणाली असती,
अक्षर बरं काढायचं की ग.

सकाळी तिची सून आली, पदरानं हात पुसत.
‘अक्का, माझे ते...’
‘हाईत की.’
‘कुणी बघितलं तर नाही?’
ती नवऱ्याचं विचारत होती.
मी स्टँडावरची ती चार कांड्यांची ओळ आठवत होते,
माझं बोट तिच्यावर किती वेळ होतं,
आणि नुसतं होतंच ना.
‘नाही,’ म्हणाले,
आणि तिच्यासमोरच परत एकदा
सगळं तपासून बघितलं.